रात्रीच्या राखणीसाठी नाईट व्हिजन दुर्बीण: खोक्यावरच्या मीटरना न भुलता निवड कशी करायची

कणसं दुधात आली, भुईमुगाच्या शेंगा भरल्या की रानडुकरांची पाळी सुरू होते. लाईट रात्रीची असेल तर आपली पाळीही रात्रीचीच, मोटर रात्री आणि दारं धरायलाही रात्रीच. शिराळा, पाटण, कराडच्या पट्ट्यात उसात बिबट्या असतो, चांदोली आणि कोयनेकडच्या गावांत गवे उतरतात, सागरेश्वरच्या आसपास हरणं पिकात येतात. टॉर्च मारली की उजेडाच्या वर्तुळाबाहेरचं सगळं आणखीच काळं होतं. पलीकडच्या सरीत काय आहे हे कळायच्या आत ते तिथून गेलेलं असतं, किंवा गेलेलं नसतं.

म्हणून अंधारात पाहणाऱ्या दुर्बिणीकडे लोक वळतात आणि पहिल्याच खरेदीत फसतात. खोक्यावर ८०० मीटर, १००० मीटर असं लिहिलेलं असतं. रानात नेल्यावर शंभर मीटरवरचं कुत्रं की डुक्कर हे कळत नाही. यंत्र खराब नसतं, तो आकडाच वेगळ्या गोष्टीचा असतो.

बंदुकीवरची की हातातली?

व्हिडिओत दिसतात ती बहुतेक यंत्रं बंदुकीवर बसवायची असतात, कारण अमेरिकेत टेक्सासमध्ये रानटी डुकरं रात्री मारायला मुभा आहे. आपल्याकडे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे. त्यात शिकार म्हणजे फक्त गोळी घालणं नव्हे. फासे लावणं, पकडणं आणि तसा प्रयत्न करणंही त्यात धरलं जातं. पिकाचा त्रास कितीही असो, वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय रानडुक्कर मारता येत नाही. परवानगी आणि शस्त्र परवाना दोन्ही हातात असलेल्यांनीही बंदुकीवर असं काही बसवण्याआधी जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र परवाना शाखेत लेखी विचारून घ्यावं. दुकानदाराचं ‘चालतंय की’ हा परवाना नव्हे.

कायदा बाजूला ठेवला तरी राखणीला बंदुकीवरची दुर्बीण गैरसोयीचीच. तिच्यात गोळीचा धक्का सोसणारी बांधणी, नेमाची खूण, नेम जुळवायची सोय आणि डोळ्यापासून काही बोटं लांब धरायची काच असते. हे सगळं आपल्या कामाचं नाही आणि पैसे मात्र त्याचेही पडतात. शिवाय तिची दृष्टी अरुंद असते. सगळ्यात वाईट म्हणजे तिच्यातून पाहायचं तर बंदुकीची नळी त्या दिशेला वळवावी लागते, आणि रात्री शिवारात जी गरम आकृती दिसते ती बऱ्याचदा शेजारच्या रानात दारं धरणारा माणूस असतो. तेव्हा एका डोळ्याची हातातली दुर्बीण घ्या. पुढचं सगळं तिच्याबद्दल आहे.

आधी रान मोजा, मग दुकान गाठा

एक एकर रान चौकोनी धरलं तर एक बाजू जेमतेम ६४ मीटर भरते. चार एकरांची बाजू सुमारे १२७ मीटर. म्हणजे स्वतःच्या रानाची राखण करणाऱ्याला अर्धा किलोमीटर पाहायची गरज सहसा नसते.

दिवसा माळ्यावर किंवा जिथून राखण करता तिथे उभे राहा आणि चार अंतरं लिहून काढा: सगळ्यात लांबचा बांध, जनावरं ज्या ओढ्यातून किंवा झाडीतून आत येतात ती जागा, मोटरीची पेटी आणि वस्तीकडची वाट. मोबाइलवरच्या नकाशात अंतर मोजता येतं, नाहीतर पावलं टाका. मधे ऊस किंवा मका उभा असेल तर त्याच्या आडचं अंतर मोजूच नका. तिथलं कुठल्याच दुर्बिणीला दिसत नाही.

हा कागद खिशात असला की विक्रेत्याशी बोलणं फार सोपं होतं.

अंधारात पाहायच्या तीन तऱ्हा

पहिली तऱ्हा नळीची. चांदण्याचा थोडासा उजेड आतल्या नळीत हजारो पटींनी वाढवून हिरवट किंवा पांढरट चित्र दाखवतात, फौजेकडे असतात तशा. चांगल्या नळ्या महाग, पहिल्या पिढीच्या स्वस्त नळ्यांचं चित्र कडेला फाटलेलं, आणि चुकून दिवसाच्या उजेडात चालू केली तर नळी खराब होते. राखणीसाठी हा विषय सोडून द्या.

दुसरी तऱ्हा डिजिटल. हा खरं तर मोबाइलसारखाच कॅमेरा. त्याला जोडून डोळ्याला न दिसणारा इन्फ्रारेड उजेड टाकणारा दिवा असतो. किंमत साधारण एखाद्या बऱ्या मोबाइलइतकी. चित्र काळं-पांढरं पण खरं असतं: शिंग, कान, शेपूट, माणसाच्या हातातलं खोरं, सगळं ओळखू येतं. दिव्याची तरंगलांबी मात्र विचारून घ्या. ८५० नॅनोमीटरचा दिवा लांब पोचतो, पण जवळून त्याचा अंधूक लाल ठिपका दिसतो. ९४० नॅनोमीटरचा दिसत नाही, पण तिथे कॅमेऱ्याची नजर मंद असल्यामुळे पल्ला बराच घटतो. राखणीला ८५० बरा.

डिजिटलची खोड अशी की स्वतःचा उजेड स्वतःवरच उलटतो. समोर दोन हातांवर उसाचं पान आलं की ते पांढरंफटक चमकतं आणि मागचं सगळं काळं पडतं. धुक्यात आणि झिमझिम पावसातही तेच. म्हणून दिवा कमी-जास्त करता येणारा आणि त्याचा झोत रुंद-अरुंद करता येणारा हवा.

डोळ्यांच्या चमकेवरही विसंबू नका. बिबट्या, कुत्रं, मांजर, हरिण, गाय यांचे डोळे या उजेडात दिव्यासारखे लागतात, कारण त्यांच्या डोळ्यात मागे चकाकणारा पडदा असतो. डुकराच्या डोळ्यात तो नसतो. ज्याच्यासाठी आपण जागतो तेच नेमकं चमकत नाही.

तिसरी तऱ्हा थर्मल. ही उजेड पाहतच नाही, अंगाची उष्णता पाहते. अमावास्या असो, जनावर काळं असो, गवतात बसलेलं असो, त्याच्या अंगाचा एखादा भाग उघडा असला की तो तापलेल्या तव्यासारखा उठून दिसतो. शोधायला याच्याइतकं चांगलं काही नाही. किंमत मात्र जुन्या दुचाकीपासून नव्या दुचाकीपर्यंत, आणि चांगलं घ्यायला गेलं तर त्याच्याही पुढे.

थर्मलचे आकडे: इथे वेळ घालवा

कागदावर चार गोष्टी शोधा: सेन्सर, म्हणजे उष्णता टिपणारा आतला भाग, किती ठिपक्यांचा म्हणजे पिक्सेलचा (२५६ × १९२, ३८४ × २८८ किंवा ६४० × ५१२), एका ठिपक्याचं माप (हल्ली बहुतेक १२ मायक्रॉन), लेन्स किती मिलिमीटरची आणि एनईटीडी (उष्णतेतला बारीक फरक ओळखायची ताकद) किती. पडद्याचे ठिपके वेगळे आणि सेन्सरचे वेगळे. ‘१०८० एचडी’ असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं ते बऱ्याचदा पडद्याचं असतं. आपल्याला सेन्सरचं हवं.

आता हिशेब. १२ मायक्रॉनचा सेन्सर असेल तर १२० ला लेन्सच्या मिलिमीटरने भागा. येईल तितके सेंटिमीटर शंभर मीटरवर एका ठिपक्यात मावतात. १० मिमीची लेन्स असेल तर १२ सेंटिमीटर, १९ मिमीला ६.३, २५ मिमीला ४.८, ३५ मिमीला ३.४.

रानडुक्कर खांद्याला साधारण ८० सेंटिमीटर उंच धरू. ‘काहीतरी आहे’ एवढं कळायला त्याच्या उंचीत दोन ठिपके पुरतात. ‘डुकराच्या जातीचं आहे, गाय नव्हे’ हे कळायला आठेक लागतात. कुत्रं की डुकराचं पिल्लू असा बारकावा सांगायचा तर बारा-तेरा. १९५८ मध्ये अमेरिकेच्या लष्करी प्रयोगशाळेत जॉन जॉन्सन यांनी मांडलेला हा ठोकताळा आजही बहुतेक उत्पादक वापरतात. फक्त खोक्यावर ते पहिलाच, म्हणजे दोन ठिपक्यांचा आकडा छापतात, आणि तोही उभ्या माणसाचा.

म्हणजे १९ मिमीच्या लेन्समधून डुकराचा प्रकार साधारण १६० मीटरपर्यंत कळेल आणि खात्रीची ओळख ९५-१०० मीटरवर पटेल. १० मिमीला हेच आकडे ८० आणि ५०. २५ मिमीला २०० आणि १२५ च्या आसपास. हे कोरड्या, स्वच्छ हवेतले. पाऊस-धुक्यात यातले बरेच वजा करा.

हिशेबाचा कंटाळा असेल तर खोक्यावरच्या आकड्याला चारने भागा, आणि तो माणसाचा असतो म्हणून पुन्हा निम्मा करा. ८०० मीटर लिहिलं असेल तर डुकरासाठी ते १०० मीटरचं यंत्र.

मग सगळ्यात मोठी लेन्स का घेऊ नये? कारण लेन्स वाढली की दृष्टी अरुंद होते. ३८४ ठिपक्यांच्या सेन्सरला १९ मिमी लेन्स असेल तर शंभर मीटरवर २४ मीटर रुंदीचं रान एका वेळी दिसतं. ३५ मिमीला फक्त १३ मीटर. अरुंद दृष्टीचं यंत्र घेऊन माळ्यावर बसणं म्हणजे नळकांड्यातून गाव पाहणं. तुम्ही उजवीकडचा बांध पाहत असता तेव्हा डावीकडून कळप आत गेलेला असतो.

डिजिटल झूमचा इथे उपयोग नाही. तो तेच ठिपके मोठे करतो, नवे आणत नाही.

एनईटीडी म्हणजे उष्णतेतला किती बारीक फरक यंत्राला कळतो. मिलिकेल्विनमध्ये लिहितात आणि आकडा जितका लहान तितकं चांगलं. पावसाळ्यात सगळं रान एकाच उष्णतेचं होतं तेव्हा हाच आकडा कामी येतो. २५ आणि ५० यांतला फरक मे महिन्यात जाणवणार नाही, श्रावणात जाणवेल.

आपल्या भागाप्रमाणे निवड

वाळवा, पलूस, कराडचा ऊसपट्टा: अंतर कमी, आडोसा जास्त. लांबचं पाहायची सोयच नाही, कारण उसाचं पान म्हणजे थर्मलला भिंत. बांधावरून, पाटावरून, दोन फडांमधल्या मोकळ्या पट्ट्यातून जे जाईल तेवढंच दिसणार. इथे १० ते १५ मिमी लेन्स, रुंद दृष्टी, २५६ चा सेन्सर चालतो. दारं धरणाऱ्याला तर मोठं यंत्र अडचणच होतं; एका हातात खोरं असताना दुसऱ्या हाताने चालू करता येईल असं घ्या.

शिराळ्याचा पश्चिम भाग, पाटण, जावळी: भाताची खाचरं, डोंगरउतार, झाडीची कड, धुकं आणि धो धो पाऊस. इथे १९ ते २५ मिमी, शक्यतो ३८४ चा सेन्सर आणि एनईटीडी ३५ च्या आत. पाण्यापासून बचावाची खूण आयपी ६७ असावी. ती एक मीटर पाण्यात अर्धा तास तग धरण्याची कसोटी असते. आयपीचा आकडाच छापलेला नसेल तर ते यंत्र या भागासाठी नव्हे.

जत, आटपाडी, माण, खटाव: उघडा माळ, शाळूची रानं, लांबवर नजर जाते. मेंढ्यांच्या तळावर लांडग्याची राखण करायची तर २५ ते ३५ मिमी परवडते. पण उन्हाळ्यात माळावरचा काळा दगड दिवसभर तापून अर्ध्या रात्रीपर्यंत गरम राहतो आणि बसलेल्या जनावरासारखा दिसतो. तो हलत नाही, एवढाच फरक.

पैसा मोजका असेल तर? शोधायचं काम जास्त असेल तर लहान थर्मल, आणि वस्तीजवळ येणारं काय आहे हे ओळखायचं असेल तर डिजिटल. एका वस्तीवरच्या तीन-चार घरांनी मिळून एक थर्मल घेतलं तर हिशेब बसतो. फक्त कोणाच्या रात्री ते कोणाकडे, हे आधी ठरवा.

दुकानात तपासणी

संध्याकाळी उशिरा जा. दिवसा दुकानात डिजिटल तपासून काहीच कळत नाही.

आधी डोळ्याकडची रिंग फिरवा, पडद्यावरची अक्षरं धारदार होईपर्यंत. मग पुढच्या लेन्सची रिंग. बहुतेक लोक उलट करतात आणि ‘चित्र धूसर आहे’ म्हणून यंत्र परत ठेवतात. काही लहान यंत्रांत पुढचा फोकस कायमचा ठरलेला असतो. चालतं, पण पाच-सात मीटरच्या आतलं पुसट दिसतं.

रस्त्यावर येऊन चालणारा माणूस पाहा. चित्र झटक्याझटक्याने पुढे सरकत असेल तर सेकंदाला किती चित्रं दाखवतं ते विचारा. ९ असेल तर पळतं जनावर नीट दिसत नाही. २५ किमान, ५० उत्तम. ९ चा आकडा काही यंत्रांत मुद्दाम ठेवलेला असतो, कारण कमी वेगाच्या थर्मलवर निर्यातीची बंधनं सैल असतात.

यंत्र मधूनच ‘टिक’ करेल आणि चित्र क्षणभर थांबेल. हा बिघाड नाही. सेन्सरसमोरची लहान झडप (शटर) खाली येऊन सेन्सर स्वतःला जुळवून घेतो.

काचेच्या दारातून थर्मल तपासू नका. साधी काच उष्णतेचे किरण अडवते. पलीकडचं काही दिसणार नाही, तुमचीच पुसट आकृती दिसेल. गाडीत बसून राखण करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं: काच खाली घ्यावीच लागते.

सेल बदलता येणारा हवा. १८६५० आकाराचा सेल सगळीकडे मिळतो. त्यावर ९९०० एमएएच लिहिलेलं दिसलं तर हात जोडा. या आकाराच्या चांगल्या सेलची क्षमता साडेतीन हजाराच्या आसपास असते. दोन सेल आणि वेगळा चार्जर घ्या. जीएसटीचं पक्कं बिल आणि भारतातली वॉरंटी लिहून घ्या. परदेशातून परस्पर मागवलेलं यंत्र कस्टममध्ये अडकू शकतं आणि बिघडलं तर दुरुस्तीला कुठे पाठवायचं हा प्रश्न उरतो.

पहिला आठवडा

घरच्या माणसाला ५०, १०० आणि १५० मीटरवर उभं करा, मग बसायला सांगा. शेळी, कुत्रं, गाय याच अंतरांवर पाहा. डोळ्याला ओळखीच्या जनावराची आकृती बसली की अनोळखी लगेच खटकते. रानडुक्कर पुढून जड, मागे उतरतं, मान नसल्यासारखं. तोंड जमिनीला आणि चाल तुटक. बिबट्या लांब आणि खाली वाकून चालतो. शेपूट अंगाच्या निम्म्याहून जास्त लांब, टोकाला वर वळलेली. गवा म्हणजे खांद्यावर उंचवटा असलेली भिंत, त्यात चूक होत नाही. साळिंदराचं अंग काट्यांमुळे मंद दिसतं, तोंड आणि पाय तेवढे उजळ.

सूर्यास्तानंतरचा आणि सूर्योदयानंतरचा थोडा वेळ थर्मलला वाईट असतो. जमीन, दगड, झाडं आणि जनावर यांची उष्णता जवळ जवळ येते. नुकतं पाणी दिलेलं रान मात्र गार असतं, त्यावर सगळं उठून दिसतं.

पडद्याचा उजेड अगदी कमी ठेवा. त्याकडे पाहणाऱ्या डोळ्याची अंधाराची सवय मोडते आणि ती पूर्ण परत यायला वीस-तीस मिनिटं लागतात. पायाखालची वाट दिसायला एक डोळा राखून ठेवा, दुर्बीण दुसऱ्याला लावा. डोळ्यावरचं रबर काढून टाकू नका. ते नसेल तर पडद्याचा उजेड तोंडावर पडतो आणि जनावराला तुम्ही आधी दिसता.

दुर्बीण डोळ्याला लावून चालू नका. थांबा, पाहा, खाली घ्या, मग पाऊल टाका. साप थर्मलमध्ये बहुधा दिसतच नाही, कारण त्याचं अंग जमिनीइतकंच गार असतं. गमबूट आणि टॉर्च सुटत नाहीत.

दिसल्यावर काय करायचं

डुकरं असतील तर लांबूनच आवाज, डबे, टॉर्च. पळायची वाट मोकळी ठेवून. पिल्लांसकट मादी असेल तर मधे जाऊ नका. गवा असेल तर त्याला हाकलायला माणसं गोळा करू नका, तो गर्दीने बिथरतो. बिबट्या उसात शिरताना दिसला तर त्या फडाला दारं धरणं त्या रात्री बंद. मोटर बंद करा, शेजाऱ्यांना फोन करा आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर किंवा आपल्या बीटच्या वनरक्षकाला कळवा. कुंपणाच्या तारेत करंट सोडणं हा गुन्हा तर आहेच, पण त्यात जनावराआधी शेजारचा माणूस सापडतो.

यंत्रात तारीख आणि वेळ पहिल्याच दिवशी बरोबर लावा. चित्रीकरण केलंत तर नुकसानभरपाईच्या अर्जाला त्याची जोड होते. पण पंचनाम्याला खरा आधार सकाळच्या मोबाइल फोटोंचा: मोडलेली ताटं, उकरलेली सरी, चिखलातले पाय. अर्ज लगेच करा. बिबट्याने जनावर मारलं असेल तर पंचनामा होईपर्यंत ते जागेवरून हलवू नका.

सांभाळ

थर्मलची पुढची काच जर्मेनियमची असते आणि तिच्यावर लेप असतो. टॉवेलने किंवा सदऱ्याच्या टोकाने पुसली की ओरखडे पडतात. आधी फुंकणीने धूळ उडवा, मग चष्म्याचं मऊ कापड. सूर्याकडे कधीही रोखू नका, बंद असतानाही टोपी लावलेली असू दे. गार हवेतून गरम खोलीत आणल्यावर काचेवर दव धरतं, ते आपोआप सुकू द्या. पावसाळ्यात बंद डब्यात सिलिका जेलच्या दोन पुड्या टाकून ठेवा, नाहीतर आतल्या काचेवर बुरशीचे धागे येतात आणि ते घरी निघत नाहीत. हंगाम संपला की सेल काढून, निम्मा चार्ज करून वेगळा ठेवा.